अँटीव्हायरस आपोआप सुरू होत नाही? परत टाकण्याआधी त्याला कोणी थांबवलं ते शोधा

कॉम्प्युटर चालू केला आणि घड्याळाशेजारी रोज दिसणारं अँटीव्हायरसचं चिन्ह दिसत नाही, किंवा दिसतं पण त्यावर लाल फुली आहे. अशा वेळी इंदूरच्या आपल्या मंडळींत दोन सल्ले ठरलेले असतात. एक म्हणजे "काढून टाक आणि परत टाक." दुसरा म्हणजे "सिल्व्हर मॉलला ने, फॉरमॅट मारून देतील." दोन्ही उपाय खरे आहेत, पण ते शेवटचे आहेत. अँटीव्हायरस स्वतःहून बिघडला असं क्वचितच होतं. बहुतेकदा त्याला कोणीतरी अडवलेलं असतं. तो दुसरा अँटीव्हायरस असेल, "स्पीड वाढवणारा" एखादा क्लीनर असेल, मागे गेलेली तारीख असेल, फुकटात मिळालेला क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारं चोरटं साधन) असेल किंवा खराखुरा व्हायरस असेल. अडवणारा तसाच राहिला तर परत टाकलेला अँटीव्हायरसही उद्या सकाळी तसाच झोपलेला सापडेल.

खालची पद्धत विंडोज १० आणि ११ साठी आहे. पडद्यावर नावं इंग्रजीत दिसतील, ती इथे नागरीत लिहिली आहेत. जिथे काही टाइप करायला सांगितलं आहे, तिथे ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं.

चिन्ह गेलं की संरक्षण गेलं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा घोळ इथेच सुटतो. प्रत्येक अँटीव्हायरसचे साधारण दोन भाग असतात. एक भाग पडद्यामागे चालतो, त्याला सर्व्हिस म्हणतात. विंडोज उघडत असताना, तुम्ही पासवर्ड टाकायच्या आधीच ती सुरू होते, आणि फायली तपासायचं खरं काम तीच करते. दुसरा भाग म्हणजे घड्याळाशेजारचं चिन्ह, जे तुम्ही लॉगिन केल्यावर येतं. दारावरची पाटी पडली म्हणून घरातला माणूस घर सोडून गेला असं होत नाही, तसंच हे आहे.

म्हणून आधी घड्याळाजवळचा वर तोंड केलेला छोटा बाण दाबा. पुष्कळदा चिन्ह तिथे आत लपलेलं असतं. ते ओढून बाहेर टास्कबारवर आणून ठेवलं की प्रश्न मिटला.

तिथे नसेल तर स्टार्ट उघडून "विंडोज सिक्युरिटी" टाइप करा आणि "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" मध्ये जा. तुम्ही विकत घेतलेला अँटीव्हायरस असेल तर त्याचं नाव सगळ्यात वर दिसेल. नसेल तर विंडोजचा स्वतःचा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर काम करत असतो. त्यात "मॅनेज सेटिंग्ज" मध्ये "रिअल-टाइम प्रोटेक्शन" चालू आहे का ते बघा. इथे सगळं ठीक दिसत असेल तर तुमचं संरक्षण चालू आहे, फक्त चिन्ह हरवलंय. मग पुढचा "स्टार्टअपची यादी" एवढा भाग वाचला तरी पुरे. इथेच बंद किंवा लाल दिसत असेल तर पुढे क्रमाने चला.

दोन मिनिटं थांबा, मग रीस्टार्ट करा

काही सर्व्हिस मुद्दाम उशिरा सुरू व्हाव्यात अशी विंडोजमध्ये सोय आहे. तिला "ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट" म्हणतात, आणि एरवी हा उशीर १२० सेकंदांचा असतो. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनवर त्याचे सहज चार-पाच मिनिटं होतात. तेवढ्यात पिवळं चिन्ह दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. चहा घेऊन या, तोवर ते हिरवं झालेलं असेल तर बिघाड नाही.

झालं नाही तर रीस्टार्ट करा. "शट डाउन करून परत चालू केला की, तेच ना?" असं सगळे विचारतात. ते तेच नाही. विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. म्हणजे कालचा अडकलेला भाग आज सकाळीही अडकलेलाच. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. अँटीव्हायरसचं अर्धवट राहिलेलं अपडेटही पुष्कळदा रीस्टार्टनेच पूर्ण होतं.

रीस्टार्टनंतर अँटीव्हायरस नीट येतो, पण शट डाउननंतर येत नाही, असं वारंवार होत असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये "पॉवर ऑप्शन्स", त्यात "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", मग "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" या क्रमाने जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. कॉम्प्युटर थोडा सावकाश उघडेल, एवढंच.

तारीख बघा. खरंच बघा.

ही पायरी हास्यास्पद वाटते म्हणून वगळली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, पुष्कळ जण रात्री भिंतीवरचा स्विचच बंद करतात, आणि घरातला डेस्कटॉप सात-आठ वर्षांचा असतो. त्याच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि कित्येक वर्षं मागे जातो. मग अँटीव्हायरसला वाटतं, हे लायसन्स तर अजून सुरूच झालेलं नाही. ब्राउझरमध्ये बहुतेक साइटवर "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" येतं, अपडेट होत नाही, आणि माणूस समजतो व्हायरस आला.

तारीख-वेळ दुरुस्त करा, "सेट टाइम ऑटोमॅटिकली" चालू करा आणि रीस्टार्ट करा. दुसऱ्या दिवशी तारीख परत मागे गेली तर सेल बदला. जेल रोडच्या दुकानांत किंवा घड्याळजीकडे तो किरकोळ किमतीत मिळतो. पॉवरची वायर काढूनच डबा उघडायचा.

लायसन्सचं आलंच आहे तर तेही आत्ताच तपासा. पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारा मुलगा आईबाबांसाठी ऑनलाइन लायसन्स की घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवतो, वर्षभर सगळं छान चालतं, आणि नूतनीकरणाची सूचना जाते मुलाच्या ई-मेलवर. रामबागेतल्या घरात फक्त लाल फुली दिसते. मुदत संपली असेल तर नूतनीकरण अँटीव्हायरसच्या खिडकीतूनच करा किंवा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून करा. "तुमचा अँटीव्हायरस संपलाय, आम्ही चालू करून देतो" असा फोन आला आणि समोरचा एनीडेस्क (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकायला सांगू लागला तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. ही आर्थिक सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जायची शक्यता जास्त.

पैसे भरायचे नसतील तर संपलेला अँटीव्हायरस तसाच लटकत ठेवू नका, काढून टाका. तो गेला की डिफेंडर आपोआप जागा होतो. घरगुती वापराला डिफेंडर पुरतो असं माझं मत आहे. मुदत संपलेल्या महागड्या अँटीव्हायरसपेक्षा तर तो नक्कीच बरा.

स्टार्टअपची यादी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात "स्टार्टअप" किंवा "स्टार्टअप ॲप्स" वर जा. तुमच्या अँटीव्हायरसच्या ओळीपुढे "डिसेबल्ड" लिहिलं असेल तर त्यावर उजवं क्लिक करून "एनेबल" करा. डिफेंडरची ओळ "विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन" या नावाने असते.

ती बंद कोणी केली? बहुधा "पीसी फास्ट" करणाऱ्या एखाद्या क्लीनरने. नाहीतर यूट्यूबवर "स्टार्टअपमधलं सगळं बंद करा" ऐकून आपणच. क्लीनर असेल तर तो आधी काढा, नाहीतर आठवड्याभरात ती ओळ परत बंद होईल.

घरात दोघांची वेगवेगळी लॉगिन असतील तर चिन्ह एकाच्या खात्यात येतं आणि दुसऱ्याच्या खात्यात येत नाही, असंही होतं. स्टार्टअपमधल्या काही नोंदी खात्यापुरत्या असतात. ज्या खात्यात अडचण आहे त्यातूनच ही यादी बघा.

सर्व्हिस तपासणं

खरं काम इथे आहे, म्हणून घाई करू नका. स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" टाइप करून ती खिडकी उघडा. लांबलचक यादी येईल. तुमच्या अँटीव्हायरसच्या नावाच्या एक-दोन किंवा जास्तही ओळी असतील. डिफेंडरची ओळ "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटीव्हायरस सर्व्हिस" या नावाने आहे. दोन रकाने महत्त्वाचे आहेत: "स्टेटस" मध्ये "रनिंग" हवं आणि "स्टार्टअप टाइप" मध्ये "ऑटोमॅटिक". एखादी साहाय्यक सर्व्हिस "मॅन्युअल" असू शकते, ती गरज पडली की सुरू होते. पण मुख्य सर्व्हिस "डिसेबल्ड" दिसली तर तुमचं उत्तर सापडलं.

ओळीवर दोनदा क्लिक करा, "स्टार्टअप टाइप" ऑटोमॅटिक करा, "अप्लाय" आणि मग "स्टार्ट" दाबा. आता तीनपैकी काहीतरी होईल.

सर्व्हिस सुरू झाली तर रीस्टार्ट करून ती टिकते का बघा.

बटणं फिकट असतील आणि बदलच करू देत नसतील तर ते वाईट लक्षण नाही. चांगले अँटीव्हायरस स्वतःची सर्व्हिस कुलूपबंद ठेवतात, म्हणजे व्हायरसलाही ती बंद करता येत नाही. डिफेंडरच्या सेटिंग्जसाठी याच हेतूने "टँपर प्रोटेक्शन" आहे. ते कुणी कितीही सांगितलं तरी बंद करू नका.

"स्टार्ट" दाबल्यावर चूक दाखवली तर त्याच खिडकीत "डिपेंडन्सीज" हा भाग बघा. ही सर्व्हिस कोणाकोणावर अवलंबून आहे ते तिथे दिसतं. त्यातली एखादी बंद असेल तर आधी ती सुरू करावी लागते. "बेस फिल्टरिंग इंजिन" आणि "सिक्युरिटी सेंटर" या दोन ओळी आवर्जून बघा. पूर्वीचे कित्येक व्हायरस नेमक्या ह्याच बंद करत.

आणखी खोलात जायचं असेल तर "इव्हेंट व्ह्यूअर" उघडा. त्यात "विंडोज लॉग्ज" खाली "सिस्टिम" निवडा आणि "सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर" कडून आलेल्या लाल ओळी वाचा. क्रमांक ७००० म्हणजे सर्व्हिस सुरूच झाली नाही. ७००१ म्हणजे ती ज्यावर अवलंबून होती ती सुरू झाली नाही. ७००९ म्हणजे ठरलेल्या वेळात, एरवी ३० सेकंदांत, तिने उत्तर दिलं नाही. हा शेवटचा क्रमांक पुष्कळदा अँटीव्हायरसचा दोष नसतो. डिस्क थकलेली असते किंवा सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो. सी ड्राइव्हची पट्टी लाल असेल तर लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा आणि मग पुढचं बोला.

जाता जाता "सिस्टिम कॉन्फिगरेशन" ही खिडकीही उघडून बघा. "जनरल" मध्ये "नॉर्मल स्टार्टअप" असावं आणि "बूट" मध्ये "सेफ बूट" वर खूण नसावी. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे तपासणीसाठी ह्या खुणा बदलतात आणि परत करायच्या विसरतात. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतं उघडतं तेव्हा, बहुतेक अँटीव्हायरस सुरू होतच नाहीत. ते त्यांचं नेहमीचं वागणं आहे, बिघाड नाही.

एका म्यानात दोन तलवारी

दुकानदाराने लॅपटॉपसोबत एक चाचणी आवृत्ती दिलेली असते, आपण वर दुसरा विकत घेतो, आणि कुठल्याशा डाउनलोडसोबत तिसरा गुपचूप आलेला असतो. प्रत्येकाला प्रत्येक फाइल सगळ्यांत आधी तपासायची असते. मग एकमेकांत अडकून कॉम्प्युटर रडतखडत चालतो आणि त्यातला एक सुरूच होत नाही.

विंडोज सिक्युरिटीच्या "सेटिंग्ज" मध्ये "मॅनेज प्रोव्हायडर्स" दाबा. कोणकोणते अँटीव्हायरस नोंदलेले आहेत ते दिसेल. तिथे डिफेंडर बंद आणि दुसरा चालू असेल तर ती योग्य स्थिती आहे. दुसरा आला की डिफेंडर स्वतः बाजूला होतो, त्याला जबरदस्तीने चालू करायच्या मागे लागू नका. डिफेंडर सोडून दोन दिसले तर एक काढा.

क्रॅक, कियोस्क आणि पेनड्राइव्ह

इथवर येऊनही काही सापडलं नसेल तर संशय घ्यायची वेळ झाली. भंवरकुआँच्या कोचिंगमधल्या पोरांच्या लॅपटॉपवर गेम किंवा एमएस ऑफिसचा क्रॅक असतोच. क्रॅक टाकताना पहिली सूचना असते, "अँटीव्हायरस बंद करा." आपण तो बंद करतो, आणि उरलेलं काम क्रॅक करतो. डिफेंडरच्या सेटिंग्जपुढे "धिस सेटिंग इज मॅनेज्ड बाय युअर ॲडमिनिस्ट्रेटर" लिहिलेलं दिसलं आणि लॅपटॉप ऑफिसचा नसून घरचा असेल, तर हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण याचा विचार करा. "एक्सक्लूजन्स" ची यादीही उघडा. तपासणीतून वगळलेली ठिकाणं तिथे असतात. तुम्ही घातलेलं नसलेलं फोल्डर, किंवा अख्खा सी ड्राइव्ह तिथे असेल, तर ती नोंद काढून टाका.

दुसरा धोका एमपी ऑनलाइनच्या कियोस्कसारख्या, सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या जागांचा. दिवसभर फॉर्म भरायला येणाऱ्या प्रत्येकाचा पेनड्राइव्ह त्याच मशीनला लागतो. त्यात कियोस्कवाल्याचा दोष नाही, तो धंदाच तसा आहे. पण तिथून आलेला पेनड्राइव्ह घरी लावला की आधी त्यावर उजवं क्लिक करून स्कॅन करा, मग उघडा.

व्हायरसनेच अँटीव्हायरस अडवला असेल तर काही खुणा दिसतात. बाकी सगळ्या साइट उघडतात, पण अँटीव्हायरस कंपन्यांच्या उघडत नाहीत. सेटअप सुरू करताच बंद होतो. टास्क मॅनेजर उघडत नाही. यातलं काही दिसलं तर असं करा:

१. वायफाय बंद करा. या मशीनवर बँकेचं किंवा यूपीआयचं काहीही करू नका. महत्त्वाचे पासवर्ड मोबाइलवरून बदला.

२. "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" मध्ये "स्कॅन ऑप्शन्स" उघडून डिफेंडरचं "ऑफलाइन स्कॅन" निवडा. उघड्या फायली आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात. व्हायरस तोवर जागा झालेला नसतो, म्हणून तो सापडण्याची शक्यता जास्त. काय सापडलं ते नंतर "प्रोटेक्शन हिस्टरी" मध्ये दिसतं.

३. ते जमलं नाही तर दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर "मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर" उतरवून पेनड्राइव्हने आणा. तो डाउनलोडपासून १० दिवसच चालतो, म्हणून जुना ठेवलेला वापरू नका. भारत सरकारच्या "सायबर स्वच्छता केंद्र" या साइटवरही सफाईची मोफत साधनं आहेत.

४. क्रॅक काढा. तो ठेवून बाकी सगळं करणं व्यर्थ आहे.

व्हायरस निघाल्यावरही विंडोजच्या काही फायली मोडक्या राहतात. लाइट अचानक गेल्यानेही तसं होतं. "कमांड प्रॉम्प्ट" वर उजवं क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करा. त्यात एसएफसी, एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून स्कॅननाउ (sfc /scannow) असं टाइप करून एंटर दाबा. विंडोज स्वतःच्या फायली तपासून दुरुस्त करतो. मध्येच खिडकी बंद करू नका.

आता काढा आणि परत टाका

एवढं झाल्यावर मात्र तो नेहमीचा सल्ला लागू पडतो. आधी लायसन्सची की कागदावर लिहून ठेवा आणि नवा सेटअप कंपनीच्याच साइटवरून उतरवून घ्या. गुगलवर सर्वांत वर दिसणारी जाहिरात म्हणजे कंपनीची साइट असेलच असं नाही. मग "इन्स्टॉल्ड ॲप्स" मधून जुना काढा आणि रीस्टार्ट करा. नॉर्टन, मॅकॅफी, अवास्ट, कॅस्परस्की यांच्यासारख्या कंपन्या आपले उरलेसुरले तुकडे साफ करणारं वेगळं साधनही देतात. साध्या पद्धतीने काढून काम झालं नसेल तर ते चालवा. काही साधनं सेफ मोडमध्ये चालवावी लागतात. नव्या लॅपटॉपवर त्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते ना, ते बघून ठेवा. पडद्यावर ती मागितली गेली आणि हाताशी नसली तर सगळा डेटाच अडकतो.

मशीनवर अजून विंडोज ७ असेल तर इथेच थांबा. त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, १४ जानेवारी २०२० ला संपला आणि कित्येक अँटीव्हायरसच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालतच नाहीत. वर सांगितलेल्या युक्त्या तिथे फारशा उपयोगी नाहीत. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. डिफेंडरच्या व्हायरस-ओळखीची अपडेट्स त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, पण त्याने विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. मशीनला झेपत असेल तर ११ वर जा.

नवा टाकल्यावर अपडेट होऊ द्या, रीस्टार्ट करा, आणि मग एकदा पूर्ण शट डाउन करून सकाळी परत बघा. तो खरंच काम करतोय का हे पाहायला आयकार (EICAR) नावाची एक चाचणी फाइल मिळते. ती फक्त ६८ अक्षरांची असते आणि तिच्याने काहीही बिघडत नाही. सगळ्या अँटीव्हायरस कंपन्यांनी ती "व्हायरस" म्हणून पकडायचं आपसात ठरवलेलं आहे. आयकारच्या साइटवरून ती उतरवायला जा. उतरता उतरता किंवा उघडताच अँटीव्हायरसने आरडाओरडा केला तर तो जागा आहे. कधी ब्राउझरच आधी अडवतो, तेव्हा दुसऱ्या ब्राउझरमधून करून बघा. फाइल शांतपणे डेस्कटॉपवर येऊन बसली तर सर्व्हिसच्या यादीकडे परत जा आणि मुख्य सर्व्हिसचं "स्टेटस" पुन्हा वाचा.